मधले पाच आठवडे

डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात उभं राहून जाणाऱ्या बाईला एक गोष्ट कळते, जी खिडकीत बसणारीला जन्मात कळत नाही. वरून सगळ्यांचे भांग दिसतात! हँडलला लटकून तासभर करायचं तरी काय? पेपर उघडायला जागा नसते, मोबाईल काढला तर कुणाच्या तरी डोक्यात पडेल ही भीती. मग मी भांग वाचायचे. ही पहिल्या आठवड्यातली, भांगाची कातडीसुद्धा अजून जरा काळपट आहे. हिचा तिसरा चालू दिसतोय, कानशिलापाशी चंदेरी चमक आलीये. आणि ही बिचारी पाचव्या-सहाव्यात. भांगाच्या दोन्ही बाजूंना रस्त्याच्या कडेला चुना मारावा तशी पांढरी रेघ. मनातल्या मनात म्हणायचे, बाई गं, या शनिवारी जाऊन ये.

आणि मग एकदम आठवायचं, की मला बसायला मिळतं तेव्हा माझ्याही डोक्यावर कुणीतरी लटकलेलं असतंच की.

बेचाळिसाव्या वर्षी मी केस रंगवायला लागले आणि पुढची दहा वर्षं माझं कॅलेंडर महिन्यांचं राहिलंच नाही, पाच आठवड्यांचं झालं. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, थोडा जास्तच. ऐकायला काहीच वाटत नाही. पण भांगात एक सेंटिमीटर म्हणजे काय असतं ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच विचारा. पार्लरवाली 'रूट टच-अप' म्हणायची. नाव कसं नाजूक! प्रत्यक्षात दीड तास खुर्चीत डोक्याला चिखल लावून बसायचं, आणि बाहेर पडताना पैसे देऊन पुढच्या पाच आठवड्यांची मुदत घेऊन यायचं.

खरी कसोटी त्या मधल्या आठवड्यांचीच. घरच्या घरी काय काय उद्योग केले म्हणून सांगू! आधी भांग डावीकडचा उजवीकडे नेला. तिकडची रेघ जरा धाकटी होती. मग नागमोडी भांग पाडायला शिकले. सरळ रेघ नसली की डोळ्याला पटकन सापडत नाही. काजळाची पेन्सिल फिरवून बघितली, पण डोंबिवलीच्या मे महिन्यात ती दुपारपर्यंत कपाळावर उतरते. मस्कारा बरा. फक्त केस काडीसारखे ताठ होतात आणि कुणी प्रेमाने डोक्यावरून हात फिरवला तर फजिती. (आमच्या बँकेत प्रेमाने डोक्यावरून हात फिरवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे तो धोका नव्हता.)

मग आला २०२०चा मार्च. पार्लरं बंद. इतर लोक काय काय साठवत होते, डाळ, साबण, सॅनिटायझर. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून रंगाची तीन खोकी आणली. माझा नवरा मेकॅनिकल इंजिनियर, त्यामुळे त्याने खोक्यातली घडी घातलेली सूचनापत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. जगात असं करणारा तो एकटाच असावा. मग जुना टूथब्रश, चहाची बशी, आणि माझा एक फाटका कुर्ता असा सरंजाम घेऊन आम्ही न्हाणीघरात बसलो. त्याने कंगव्याच्या टोकाने केसांचे चार भाग केले, आकडे लावले, कपाळाला आणि कानांना व्हॅसलीन फासलं, आणि फक्त मुळांना, अगदी बोटाच्या पेराएवढा, रंग लावला. सूचनापत्रिकेतली ती ओळ त्याला फार आवडली होती. आधी रंगवलेल्या लांबीवर पुन्हा पुन्हा रंग चढवू नये, त्याने केस कोरडे होतात आणि टोकं डांबरासारखी काळी दिसतात. मी एवढी वर्षं उरलेला रंग वाया कशाला घालवायचा म्हणून सगळीकडे चोपडत होते!

राज्यात २८ जूनला केशकर्तनालयं उघडली, पण आम्ही टूथब्रश काही सोडला नाही. पाच आठवड्यांनी पार्लर, आणि मध्ये कुठे लग्न-मुंज आली की घरचा एक हात, असं दोन वर्षं चाललं. त्यात एक पायरी मात्र आम्ही दोघांनीही सोईस्करपणे गाळली होती. दर वेळी रंग लावण्याच्या अठ्ठेचाळीस तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघायचा असतो. पहिल्या वेळी बघितला होता. काही झालं नाही. मग कशाला?

२०२२च्या ऑगस्टमधली गोष्ट. रविवारी रंग लावला, सोमवारी डोकं खाजायला लागलं, मंगळवारी सकाळी डोळेच उघडेनात. पापण्या सुजून लिंबाएवढ्या झालेल्या. कानामागून पाणी सुटलेलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत ओळखलं. गडद रंगाच्या बहुतेक कायमच्या डायमध्ये पॅराफेनिलीनडायअमीन नावाचं रसायन असतं, पीपीडी म्हणतात त्याला. वर्षानुवर्षं निमूट सोसणाऱ्या शरीराला ते एके दिवशी सोसेनासं होतं आणि मग ती ॲलर्जी साधारण जन्माची. मी म्हटलं, "पण मी अमोनिया नसलेला वापरते हो." त्या हसल्या. अमोनिया नाही याचा अर्थ पीपीडी नाही असा होत नाही, दोन्हींचं काम वेगळं. अमोनिया केसाची कवाडं उघडतो, रंग धरतो तो हा. आणि 'काळी मेंदी' म्हणून जी पाकिटं मिळतात त्यांतही पुष्कळदा हाच मिसळलेला असतो. "थांबवा आता," म्हणाल्या. "पुढच्या वेळी पापण्यांवर भागेलच असं नाही."

थांबवलं. दुसरा इलाज नव्हता म्हणून थांबवलं, हे आधीच सांगून टाकते. हल्ली पांढरे केस मिरवण्याची एक टूम आहे, त्यातली मी नव्हे. पहिले तीन महिने मी आरशात बघायचंच टाळलं. खांद्यापर्यंतचे केस म्हणजे तीसेक सेंटिमीटर. हिशेब करा, टोकापर्यंत पांढरं व्हायला अडीच वर्षं. तोवर वर पांढरे, खाली काळे, त्यांच्या मध्ये तांबूस... हरिहरेश्वरला उन्हात वाळत घातलेली मासळी दिसते तसं डोकं दिसायचं. शेवटी पार्लरमध्ये जाऊन मानेपर्यंत कापून घेतले. पार्लरवालीला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, तिचं पाच आठवड्यांचं गिऱ्हाईक गेलं! बँकेत आठवडाभर जो तो विचारायचा, "मॅडम, बरं नाही का?" एका ग्राहक आजोबांनी तर माझ्यासाठी खुर्ची सरकवली.

असो. माझ्या केसांचं एवढं पुराण लावलंय खरं, पण सांगायचं होतं आईच्या केसांबद्दल.

बाबा गेल्यावर २०२१मध्ये आई आमच्याकडे आली, तेव्हाच विसरायला लागली होती. आधी चष्मा, मग गॅस, मग आजचा वार, मग माणसं. स्मृतिभ्रंश या शब्दाची भीती वाटायची ती हळूहळू गेली, जशी पोटात राहणाऱ्या गोळ्याची जाते. पण तिचे केस! ब्याऐंशीव्या वर्षीही वेणी कमरेच्या जरा वरपर्यंत. बारीक झालेली, शेपटाकडे उंदराच्या शेपटीएवढी, पण वेणी. पार्लरची पायरी ती उभ्या जन्मात चढलेली नाही. तिचं सगळं घरच्या घरी. शनिवारी रात्री तेल, रविवारी न्हाणं.

हे न्हाणं मी जसंच्या तसं उचललं, कारण दुसरं मला काही येतच नव्हतं. खोबरेल कोमट करायचं. पॅरॅशूटची निळी बाटली डिसेंबरात थिजते, ती गॅलरीत उन्हात ठेवायची किंवा गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करायची. चोवीस-पंचवीस डिग्रीच्या खाली गेलं की खोबरेल गोठतंच. बोटांच्या पेरांनी टाळूवर, नखं न लावता. खोबरेलाचं कौतुक ही नुसती आजीबाईंची गोष्ट नाही बरं का. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल अशी तुलना केली होती. केसांतलं प्रथिन धुऊन जाणं थांबवलं ते फक्त खोबरेलाने, कारण ते केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन्ही वरवर राहतात. (संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते हेही सांगायला हवं, नाहीतर नवरा कमेंट करेल.) तेल लावून रात्रभर ठेवायचं आणि मग धुवायचं, हे आईला २००३च्या बरंच आधी ठाऊक होतं.

शिकेकाई मात्र मी घरी करायला लागले ती आईमुळे. शाम्पूच्या वासाने ती चिडते, "हे काय कपड्यांचं लावलंस" म्हणते. शिकेकाई, थोडा रिठा, आवळकाठी, नागरमोथा, चमचाभर मेथी, संत्र्याची वाळकी साल. रात्री भिजत घालायचं, सकाळी उकळायचं, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. भुकटी तशीच लावली तर डोळ्यांत जाऊन जो जीव जातो तो जातोच, शिवाय केसांत कोंड्यासारखे कण चिकटून राहतात. शिकेकाईला फेस थोडा येतो आणि तेल सगळं निघत नाही, पण म्हाताऱ्या केसांना तेवढंच बरं. तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाठमोरी बसवायची, मान मागे, मानेखाली पंचाची गुंडाळी, कपाळावर माझा डावा हात आडवा, म्हणजे पाणी डोळ्यांत जात नाही. तांब्याने पाणी. शॉवर सुरू केला की ती घाबरते, पाऊस आला म्हणते.

आणि मग गुंता. ओल्या केसांतून फणी घालायची नाही, ओला केस ताणला की तुटतो. अर्धवट वाळले की रुंद दातांच्या लाकडी कंगव्याने खालून सुरुवात. आधी टोकं, मग मध्य, मग मूळ. वरून ओढलं की गुंता घट्ट होतो. लहानपणी माझे केस विंचरताना आई हेच म्हणायची आणि मी रडायचे. आता ती रडत नव्हती. खुर्चीत शांत बसून राहायची, डोळे मिटून. आठवड्यातला तो एकच तास असा होता की ती कुठेही निघालेली नसायची. एरवी तिला सारखं घरी जायचं असतं.

माझे केस कापल्याला दोन-तीन महिने झाले असतील. वर सगळे पांढरे झाले होते. अशाच एका रविवारी मी वेणी घालत असताना ती म्हणाली, "वहिनी, जरा घट्ट घाल."

मला राग आला. खरंच आला. वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको, पुण्याला असते, फोन करते रविवारी. इथे शिकेकाई मी गाळायची, गुंता मी सोडवायचा आणि नाव तिचं! दोन दिवस मी धुमसत होते. मग भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं वेडे, आपली वाईची आजी."

आजीला आम्ही नातवंडं आजी म्हणायचो, पण तिची पोटची मुलं तिला वहिनी म्हणत. एकत्र घर होतं, धाकटे दीर वहिनी म्हणायचे, मुलांनी तेच उचललं. गंगापुरीतलं ते घर, माडीवरून कृष्णा दिसायची. आजी गेली १९८६मध्ये. मला आठवते ती पांढऱ्या शुभ्र केसांचीच, मानेवर लिंबाएवढा अंबाडा. आमच्या तिघींची हनुवटी सारखी आहे असं सगळे म्हणतात. काळे केस होते तोवर मी आईची मुलगी होते. पांढरे झाले आणि मी तिची आई झाले.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, केसांमुळेच असं काही खात्रीने म्हणता येत नाही, आजार आपल्या गतीने पुढे सरकतोच. खोडून काढत बसू नका, एवढं मात्र निक्षून सांगितलं. तर मी वहिनी झाले.

आणि वहिनीला ती अशा गोष्टी सांगायला लागली ज्या मला कधी सांगितल्या नव्हत्या. नदीवर कुणाची चप्पल वाहून गेली. चुलतबहिणीची नवी रिबीन हिने लपवली. आणि मग एके दिवशी, मी टोकं सोडवत असताना, "वहिनी, अण्णांना सांग ना. फॉर्म भरायला शुक्रवारपर्यंतच मुदत आहे."

"कसला फॉर्म?"

"असं काय करतेस? अकरावीचा."

तेव्हा अकरावीला मॅट्रिकची परीक्षा असायची. आईने ती दिली नाही हे मला माहीत होतं. आमच्या घरात त्याची गोष्ट अशी होती, की आईला अभ्यासात गती नव्हती, चांगलं स्थळ आलं, सतराव्या वर्षी लग्न झालं, संपलं. ही गोष्ट ती स्वतःच हसून सांगायची. माझ्या परीक्षेच्या वेळी रात्री दोनला चहा करून समोर बसायची, आणि मी म्हणायचे, तू झोप ना, तुला यातलं काय कळतंय. असं म्हणायचे मी.

त्या रविवारी मी काहीच बोलले नाही. काय बोलणार? ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "तू काही बोलतच नाहीस. अण्णांपुढे तू कधीच काही बोलत नाहीस."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. त्या आठवड्यात मी ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, "भरू या फॉर्म. मी सांगते त्यांना."

"खरंच?"

"शुक्रवारच्या आत."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. वेणी हातातून सुटली, पुन्हा पहिल्यापासून घालावी लागली. मग म्हणाली, "उद्या शाळेत जायचंय, दोन घाल."

भावाला हे पटलं नाही. तो म्हणाला, आईला असं खोटं सांगू नये, तिची आशा वाढते. असेल. तो चांगला माणूस आहे आणि माझ्याहून जास्त सरळ आहे. पण रविवारी दहा वाजता कंगवा त्याच्या हातात नव्हता.

मग त्याच्याच मुलीचं लग्न निघालं. २०२३चा डिसेंबर, पुणे. वहिनीचा (खऱ्या!) फोन, "ताई, तेवढं केसांचं काहीतरी करा हं. फोटोत तुम्ही आईंच्या बरोबरीच्या दिसाल." तिचं काही चुकलं नाही, मलाही तेच वाटत होतं. डाय बंद, पण शुद्ध मेंदी आणि निळीचा पाला चालतो, त्यांत पीपीडी नसतं. फक्त पाकिटावरची यादी नीट वाचायची आणि या वेळी कोपराच्या आत थेंब लावून खरोखर दोन दिवस थांबायचं. थांबले.

कृती ज्यांना हवी त्यांच्यासाठी सांगते, कारण मी स्वतः दोनदा बिघडवलीये. नुसती मेंदी पांढऱ्या केसांवर भगवी दिसते. ती आधी, लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवलेली, दोन तास ठेवून नुसत्या पाण्याने धुवायची. मग निळीची पूड कोमट पाण्यात कालवायची, चिमूटभर मीठ, आणि ही मात्र भिजत ठेवायची नाही, दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यायची, नाहीतर तिचा जोर जातो. तासाभराने धुतली की हिरवट दिसतं. घाबरायचं नाही. दोन दिवस शाम्पू लावायचा नाही, हवेने तो रंग गडद होत जातो. मी पहिल्या वेळी घाबरून लगेच शाम्पू लावला होता. दोन दिवस शेवाळ!

लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. दहा वर्षांनी लहान दिसतेस म्हणाले. फोटो छान आले.

परत आलो त्या रविवारी मी तेलाची वाटी घेऊन आईजवळ बसले. तिने डोक्यावरचा माझा हात काढला. "तुम्ही कोण?"

"अगं, मी."

"वहिनी कुठे गेली? तिला अण्णांशी बोलायचं होतं."

मी नाव सांगितलं. मुलगी म्हणून नाव सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, परक्या बाईचं ऐकून घेतात तसं, आणि वेणी पुढे घेऊन दोन्ही हातांनी धरून बसली. त्या दिवशी न्हाणं झालं नाही. पुढच्या रविवारीही नाही. दिवसा तिला सांभाळायला येणाऱ्या मावशींना वरवर विंचरू द्यायची, मला नाही. मी एकदा डोक्यावरून पदर घेऊन गेले. तिने बघितलं आणि मावशींना म्हणाली, "ही नाटकातली बाई का आली आहे?" मावशी तोंडावर हात घेऊन हसल्या. मीही हसले, काय करणार...

पण रात्री ती उठून दारापाशी जायला लागली. शुक्रवार आहे का, विचारायची. रोज विचारायची.

मानेमागे केसांची गुठळी झाली, नारळाच्या शेंडीसारखी. तीन आठवडे न विंचरलेल्या बारीक केसांचं तेच होतं. एकदा गठ्ठा बसला की खाली कातडी ओली राहते, वास येतो. मावशी म्हणाल्या, "ताई, कापून टाका, किती दिवस असं?" बरोबर होतं त्यांचं. त्यांच्या हाताखालच्या सगळ्या आज्यांचे बॉबकट आहेत, आणि त्या सुखी आहेत. पार्लरवाली घरी येऊन कापून द्यायला तयार होती. मी म्हटलं, अजून दोन आठवडे थांबू. का ते सांगितलं नाही. एका बाईने आपले केस पांढरे व्हायची वाट बघत बसायचं, हे सांगायचं कसं?

रोज सकाळी दात घासताना भांग बघायचे. ट्रेनमध्ये कधी बघितला नसेल इतका बारकाईने. पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्यात कानशिलापाशी. तिसऱ्यात भांगात केसाएवढी. दिवसाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, त्यापेक्षा लवकर काही होत नाही, तेल लावा नाहीतर नवस करा. मी सरळ भांग पाडायला लागले. जेवढी रेघ दिसेल तेवढी बरी.

पाचव्या आठवड्यातला शनिवार. दुपारची वेळ, आई गॅलरीत खुर्चीवर, मी तिच्या पायांशी जमिनीवर बसून लसूण सोलत होते. थंडी होती म्हणून तेलाची बाटली तिथेच उन्हात ठेवलेली. ती बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत होती ते मला कळत होतं. मी मान वर केली नाही. वाटलं, आता हाक मारेल. कोण म्हणून मारेल याचीच वाट बघत होते.

तिने हाकच मारली नाही. माझ्या भांगावरून एक बोट फिरवलं, कपाळापासून मागे, सावकाश.

"तेल नाही केसांना," म्हणाली. "बाटली दे इकडे."

झाकण मी उघडून दिलं. तिचा हात थरथरतो, अर्धं तेल माझ्या मानेवरून कुर्त्यात गेलं. टाळूवर तिची बोटं फिरायला लागली, पेरांनी, नखं न लावता. फॉर्मचं नाव काढलं नाही, अण्णांचंही नाही.

"हलू नकोस," म्हणाली. "सरळ बस."